एडीएचडी, शरीराचं घड्याळ आणि राग: सकाळचं मूल आणि रात्रीचं मूल इतकं वेगळं का?

केतकी_ठाणे | रविवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा विषय मनात घोळतोय, आज लिहितेच.

मुलगा पाचवीत आहे. एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा, उतावळेपणा) निदान दुसरीतच झालं होतं. चौथीपर्यंत सगळं बऱ्यापैकी मार्गी लागलं होतं, कारण २०२४ च्या शासनाच्या परिपत्रकामुळे चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवायचे नाहीत असं ठरलं आणि त्याची शाळा नऊची झाली. जूनपासून पाचवी, म्हणजे सकाळचं अधिवेशन. घंटा सात दहाची, व्हॅन सहा पंचविसाला दारात.

तेव्हापासून घरात रोज सकाळी युद्ध. पावणेसहाला उठवलं की डोळे मिटलेलेच असतात आणि हातपाय झाडणं सुरू. मोजा चढवताना तो लाथ मारतो, नंतर स्वतःच रडतो. शाळेच्या डायरीतले शेरे मी एका रविवारी ओळीने वाचून काढले: शेजारच्या मुलाला कंपास टोचला, फळ्याकडे लक्ष नाही, बाईंना उलट बोलला. बहुतेक सगळे पहिल्या दोन तासांतले. मधल्या सुट्टीनंतरचा शेरा शोधूनच काढावा लागतो.

आणि हाच मुलगा रात्री साडेआठनंतर जमिनीवर बसून बॅटरी, वायर आणि छोटी मोटर जोडत तास तास घालवतो. शांत, गोड, धाकट्या बहिणीला समजावून सांगणारा. झोप मात्र साडेअकराशिवाय नाही. सुट्टीच्या दिवशी आपणहून साडेनऊला उठतो आणि सकाळभर कुणावर हात उगारत नाही.

सासूबाई म्हणतात लाड झालेत. नवरा म्हणतो औषधाचा डोस बदलून घेऊ. मला विचारायचंय ते असं: शरीराच्या घड्याळाचा लक्ष लागण्याशी आणि अशा मारकुटेपणाशी खरंच संबंध असतो का? की मी आई म्हणून सबब शोधतेय? अनुभव असतील तर सांगा, विरोधी मत असेल तरी सांगा.

---

गुळपोळी | रविवार, रात्री १०:५८

आमच्या घरी सकाळी साडेसहाच्या प्रसंगाला 'पानिपत' असं अधिकृत नाव आहे. वाचायला बसलेय.

---

दादासाहेब_सातारा | सोमवार, सकाळी ५:५०

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. लवकर निजे, लवकर उठे. आम्ही आठ भावंडं कंदील मालवला की झोपायचो आणि कोंबड्याबरोबर उठायचो. कुणाला एडीएचडी नव्हतं. रात्री अकरापर्यंत घरात ट्यूबलाइट, टीव्ही, मोबाईल, आणि मग मुलाला झोप येत नाही म्हणायचं! आधी घर नऊला अंधारात न्या.

---

रानवारा | सोमवार, दुपारी १:१५

केतकीताई, तुम्ही सबब शोधत नाही आहात. मी नेदरलँड्समध्ये उट्रेख्तला असतो. झोप आणि मेंदू याच विषयात काम करतो, म्हणून जरा सविस्तर.

मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या अगदी वर, काही हजार पेशींचे दोन छोटे पुंजके असतात. सुप्राकायझमॅटिक न्यूक्लिअस म्हणतात त्यांना. हे शरीराचं मुख्य घड्याळ. ते उजेड नसला तरी चालतं. १९६२ मध्ये मिशेल सिफ्र नावाचा फ्रेंच माणूस घड्याळाशिवाय दोन महिने गुहेत राहिला, तरी त्याचं झोपणं-उठणं साधारण चोवीस तासांच्याच लयीत चालू होतं. पेशीच्या आत हे घड्याळ कसं चालतं, कोणती जनुकं त्यात येतात, हे फळमाशीवर शोधून काढल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं.

माणसाच्या घड्याळाचा फेरा सरासरी चोवीस तासांहून थोडा मोठा असतो. म्हणून ते रोज उजेडाने जुळवून घ्यावं लागतं. काहींचं जुळतं, काहींचं उशिराकडे सरकत राहतं. संध्याकाळी मेलाटोनिन हे संप्रेरक वाढायला लागतं. झोपेच्या गोळीपेक्षा ते शरीराला दिलेली रात्र झाल्याची वर्दी आहे असं समजा. इकडे नेदरलँड्समध्ये २००५ साली एडीएचडी असलेल्या मुलांवर एक अभ्यास झाला. ज्यांना रात्री झोप लागायला कायम त्रास होतो अशा मुलांमध्ये ही वर्दी, एडीएचडी आहे पण झोप नीट लागते अशा मुलांपेक्षा सुमारे पाऊण तास उशिरा येत होती. एडीएचडी असलेल्या मोठ्या माणसांतही असंच उशिराचं घड्याळ बरंच आढळतं.

आता तुमच्या पावणेसहाबद्दल. शरीराचं तापमान सर्वांत खाली जातं, म्हणजे शरीराची मध्यरात्र असते, ती नेहमी जाग येण्याच्या साधारण दोन-तीन तास आधी. मुलगा सुट्टीत साडेनऊला उठतो, त्यातला काही भाग आठवड्याच्या थकलेल्या झोपेचा आहे असं धरलं तरी पावणेसहा ही त्याच्या शरीरासाठी ऐन मध्यरात्र आहे. त्या वेळी उठवलेल्या कुणाकडूनही समजूतदारपणाची अपेक्षा धरू नये. आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग जागा व्हायला वेळ लागतो, आणि एडीएचडीत तो भाग आधीच कमी पडत असतो.

---

शंकासुर | सोमवार, दुपारी २:०५

रानवारा, माहिती उत्तम. पण "एडीएचडी असलेल्यांचं घड्याळ उशिराचं" आणि "घड्याळ उशिराचं म्हणून एडीएचडी" ही दोन वेगळी विधानं आहेत. लोक पहिलं वाचून दुसऱ्यावर उडी मारतात. निदानाच्या निकषांप्रमाणे लक्षणं बाराव्या वर्षाआधीपासून आणि एकाहून जास्त ठिकाणी दिसायला हवीत. फक्त सकाळच्या शाळेत दिसणारा त्रास आणि सगळीकडे दिसणारा त्रास वेगळा काढायलाच हवा.

---

केतकी_ठाणे | सोमवार, दुपारी ३:३०

शंकासुर, त्याला लक्ष लागायचा त्रास घरी, आजोळी, मैदानात सगळीकडे आहे. निदानाबद्दल मला शंका नाही. मारणं मात्र नवीन आहे आणि ते सकाळचंच आहे.

दादासाहेब, राग अजिबात नाही. नऊला अंधार करून पाहिलाय. तो अंधारात दोन तास छताकडे बघत बोलत राहतो.

---

पिंपळपान | सोमवार, संध्याकाळी ६:२०

एक साधा प्रश्न: झोपेत घोरतो का? तोंड उघडं ठेवून झोपतो का? माझ्या भाचीला एडीएचडीचं लेबल लागायच्या बेतात होतं. नाकामागच्या गाठी वाढलेल्या, रात्रभर श्वास अडकायचा, दिवसभर चिडचिड. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी ते पकडलं. पाय सारखे हलवत असेल तर रक्तातलं लोहही तपासा.

---

मास्तर_पहिला_तास | सोमवार, रात्री ९:१०

वीस वर्षं माध्यमिक शाळेत शिकवतोय, पहिला तास बहुतेक माझ्याच वाट्याला. पाचवी ते सातवीत जी मुलं माझ्या तासाला डेस्कवर डोकं ठेवून असतात किंवा उगाच कुरापत काढतात, तीच चौथ्या तासाला प्रयोगशाळेत माझ्याआधी उत्तर देतात. आम्ही स्टाफरूममध्ये त्यांच्याबद्दल बोलतो तेव्हा दोन शिक्षक दोन वेगळ्या मुलांबद्दल बोलतायत असं वाटतं.

मी माझ्यापुरता बदल केलाय. पहिल्या दहा मिनिटांत प्रश्न विचारत नाही. सगळ्या खिडक्या उघडतो, मुलांना उभं करून पाढे किंवा कविता म्हणून घेतो, आणि चटकन भडकणाऱ्या मुलांना खिडकीजवळच्या रांगेत, गर्दीपासून थोडं सुटं बसवतो. त्यांच्या अंगाला येताजाता कुणाचा धक्का लागत नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. अर्धवट झोपेतल्या मुलाला चुकून लागलेला धक्काही मुद्दाम मारल्यासारखा वाटतो.

शाळा उशिरा भरवाव्यात असं मलाही वाटतं. पण एकाच इमारतीत सकाळ-दुपार दोन अधिवेशनं बसवायची म्हणजे कुणाला तरी पहाटे यावंच लागतं. परिपत्रक चौथीवर थांबलं ते बहुधा म्हणूनच.

---

अपरान्त | सोमवार, रात्री ९:५५

थोडं अवांतर, पण मुद्द्याला धरून. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, म्हणजे मिर्झापूरजवळची. मुंबई पार पश्चिमेला. पूर्वी मुंबईची स्वतःची वेळ होती, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे, आणि ती थेट १९५५ पर्यंत वापरात होती. त्या हिशोबाने आजची सात दहाची घंटा जुन्या मुंबईच्या साडेसहाला वाजतेय. जानेवारीच्या मध्यात मुंबई-ठाण्यात सूर्य उगवतो सव्वासातच्या आसपास. सूर्य उगवायच्या आधी प्रार्थना!

उलट आसामात चहाच्या मळ्यांवर 'बागान वेळ' पाळतात, प्रमाणवेळेच्या तासभर पुढची, कारण तिथे उजाडतं फार लवकर. घड्याळ उन्हाला जुळवून घेता येतं, हे मळेवाल्यांना कळलंय.

---

गुळपोळी | सोमवार, रात्री १०:०२

अपरान्त, उद्यापासून आमच्या घरात जुनी मुंबई वेळ लागू. व्हॅनवाल्या काकांना तुम्ही समजवा.

---

चिवट_आई | सोमवार, रात्री ११:३०

इथे सहसा फक्त वाचते. आज लिहिते, कारण आमच्या घरात हा प्रश्न टोकाला गेलेला आहे.

माझ्या मुलीला स्मिथ-मॅजेनिस सिंड्रोम आहे. सतराव्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा कमी असतो, त्यात आरएआय१ नावाचं जनुक जातं. यातल्या बहुतेक मुलांमध्ये मेलाटोनिन उलटं चालतं: दिवसा भरपूर, रात्री नगण्य. आम्हाला हे कळेपर्यंत तिच्या फाईलवर एडीएचडीच लिहिलेलं होतं. पहाटे तीनला ती टक्क जागी, स्वयंपाकघरातले डबे उघडतेय. दुपारी एकच्या सुमारास डोळे जड व्हायला लागले की स्वतःचा हात चावायची, जवळ जाईल त्याला ओरबाडायची, डोकं भिंतीवर आपटायची. शाळेने "हिंसक" असं लिहून दिलं होतं.

जनुकीय चाचणीनंतर एका तज्ज्ञांनी मला पहिल्यांदा सांगितलं की ती दुपारी झोपेशी झगडत असते, तुमच्याशी नाही. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी दिवसाचं मेलाटोनिन दाबायला सकाळी बीटा-ब्लॉकर (एरवी रक्तदाबासाठी देतात ते औषध) आणि संध्याकाळी बाहेरून मेलाटोनिन अशी पद्धत वापरून पाहिली आहे. आमचे उपचार त्याच धर्तीवर, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली चाललेत. कृपया कुणीही यातलं काही आपल्या मनाने करू नका. चावणं पूर्ण थांबलेलं नाही. पण दुपारी तिला अंधाऱ्या खोलीत ठरलेली छोटी झोप द्यायला लागल्यापासून माझ्या हातावरचे ओरखडे भरून आलेत. खूश झाली की ती स्वतःलाच दोन्ही हातांनी घट्ट मिठी मारते, या आजारातली बरीच मुलं तसं करतात. ती मिठी आता दुपारीही दिसते.

केतकी, तुझ्या मुलाला हे नाहीये. पण मूल मारतं तेव्हा "किती मारतं" याच्या आधी "किती वाजता मारतं" हे लिहून ठेव, एवढंच सांगते.

---

केतकी_ठाणे | सोमवार, रात्री ११:४८

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. लिहिल्याबद्दल मनापासून आभार. वेळेची वही उद्यापासून सुरू करते.

---

संध्याछाया | मंगळवार, सकाळी ८:१५

माझी आई ऐंशीच्या पुढची, अल्झायमर. सकाळी माझ्याशी भाजी निवडत गप्पा मारते. दिवेलागण झाली की "मला माझ्या घरी सोडा" म्हणत दाराशी जाते, अडवलं तर हात उगारते. डॉक्टर याला सनडाऊनिंग म्हणतात. मुलांचा धागा आहे, पण वाचताना सारखं वाटत होतं की हे एकाच मुळाचं आहे. रानवारा, तसं आहे का?

---

रानवारा | मंगळवार, दुपारी १२:४०

संध्याछायाताई, तुमचा प्रश्न या धाग्याच्या अगदी मध्यावर बोट ठेवणारा आहे. २०१८ मध्ये बॉस्टनच्या क्लिफर्ड सॅपर यांच्या प्रयोगशाळेने नेमकं यावरच काम प्रसिद्ध केलं. नर उंदराच्या पिंजऱ्यात दुसरा नर सोडला की तो हल्ला करतो, पण किती चटकन आणि किती वेळा, हे दिवसाच्या वेळेनुसार बदलतं. घड्याळाच्या पुंजक्याकडून एक निरोप शेजारच्या पेशींना जातो, आणि त्या पेशी हल्ल्याशी संबंधित भागाला ठरावीक वेळी लगाम घालतात. संशोधकांनी त्या मधल्या पेशींचा निरोप बंद पाडला, तेव्हा आक्रमकतेची ती लयच बिघडली आणि एरवी शांत असण्याच्या वेळीही हल्ले वाढले. सनडाऊनिंग समजून घेणं हाच त्या कामामागचा एक हेतू होता.

म्हणजे राग आणि घड्याळ यांच्यात मेंदूत प्रत्यक्ष तार आहे. अपुरी झोप आणि राग हा आणखी एक, वेगळा रस्ता: २००७ च्या एका प्रयोगात रात्रभर जागवलेल्या तरुणांना त्रासदायक चित्रं दाखवली, तर मेंदूतल्या अमिग्डालाची (भीती, राग अशा भावनांशी संबंधित भागाची) प्रतिक्रिया झोपलेल्यांपेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी जास्त होती. केतकीताईंच्या घरी मला हा दुसरा रस्ता जास्त दिसतो.

---

शंकासुर | मंगळवार, दुपारी १:२०

उंदीर नर, पिंजऱ्यातले, आणि रात्री जागणारा प्राणी. त्यावरून ठाण्याच्या पाचवीतल्या मुलाबद्दल फार बोलू नये.

आणि मुलांवरचा पुरावाही सांगायला हवा. २००७ चीच डच चाचणी: एडीएचडी आणि झोप न लागण्याचा त्रास असलेली १०५ मुलं, चार आठवडे मेलाटोनिन किंवा बनावट गोळी. मेलाटोनिनवाल्या मुलांना झोप लवकर लागली, एकूण झोपही वाढली. पण वागण्यात आणि लक्ष लागण्यात म्हणावा असा फरक दिसला नाही. घड्याळ सरकवलं की सगळं सुटेल असं समजून केमिस्टकडे धावू नका.

---

रानवारा | मंगळवार, दुपारी १:५५

तुमचं म्हणणं रास्त आहे, आणि ती चाचणी इथे यायलाच हवी होती. तिच्या जोडीला मोठ्या माणसांवरची २०२१ ची चाचणी ठेवा: फक्त अर्धा मिलिग्रॅम मेलाटोनिन, ठरावीक वेळी. घड्याळ जवळपास दीड तास अलीकडे आलं आणि एडीएचडीची लक्षणं १४ टक्क्यांनी कमी झाली. चौदाच टक्के, हे लक्षात ठेवायचं. चार आठवड्यांत मुलाचं वागणं बदलत नाही यावरून शाळेची वेळ निरुपयोगी ठरत नाही, एवढंच माझं म्हणणं. त्या मुलांची शाळेची घंटा काही बदलली नव्हती.

---

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ११:५०

वय चौतीस, हिंजवडी, एडीएचडीचं निदान तिशीनंतर. कॉलेजात सकाळची प्रॅक्टिकल्स म्हणजे माझ्यासाठी शिक्षा. "भांडखोर" ही माझी ओळख होती. आता अमेरिकी वेळेत काम करतो, दुपारी दोनला सुरुवात. तीच औषधं, तोच मी, भांडणं जवळपास संपली. बायको मात्र म्हणते की सकाळी नऊच्या आधी मला जेवणाचं काय हेसुद्धा विचारायची सोय नाही. घड्याळ बरं झालेलं नाही, नोकरी त्याच्यापाशी आली आहे.

---

दादासाहेब_सातारा | बुधवार, सकाळी ५:४०

चिवट_आई यांची पोस्ट वाचून काल दिवसभर अस्वस्थ होतो. पोरीला माझे आशीर्वाद.

पण माझा कंदिलाचा मुद्दा कुणी खोडलेला नाही, हे नमूद करतो.

---

रानवारा | बुधवार, दुपारी १२:३०

दादासाहेब, तुमच्या कंदिलाला पुरावा आहे! २०१३ मध्ये कोलोरॅडोत काही जणांना आठवडाभर डोंगरात तंबूत ठेवलं, दिवसा ऊन, रात्री फक्त शेकोटी. घड्याळं सुमारे दोन तास अलीकडे आली. आणि लहान मुलांचे डोळे फार उजेड आत घेतात: बालवाडीच्या वयाच्या मुलांना झोपेआधी तासभर झगझगीत उजेडात खेळवलं, तर मेलाटोनिन जवळपास ८८ टक्क्यांनी दबलं.

फक्त एक गोष्ट जपा. रात्रीचा अंधार हे अर्धं काम, सकाळचं ऊन हे उरलेलं अर्धं, आणि त्या उन्हाची वेळ महत्त्वाची. शरीराची मध्यरात्र उलटायच्या आधी तीव्र उजेड दिला तर घड्याळ आणखी उशिरा सरकतं. म्हणून एकदम पावणेसहाला डोळ्यांवर दिवा नको. सुट्टीत त्याला साडेनऊऐवजी नऊला उठवून गच्चीत न्या, काही दिवसांनी साडेआठला, असं हळूहळू. दिवाळीची सुट्टी यासाठी उत्तम. दिवाळीच्या पहाटे तर मुलं आपणहून उठतात.

---

केतकी_ठाणे | शनिवार, सकाळी ११:१५

सगळ्यांचे आभार. काय काय झालं ते लिहिते.

पिंपळपान, तो घोरत नाही, पण लोह खरंच कमी निघालं, त्याचं औषध सुरू झालंय. वही घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पानं शांतपणे चाळली आणि डोस वाढवायचा विचार तूर्त बाजूला ठेवला. मेलाटोनिन द्यायचं का, ते दिवाळीनंतर ठरवू म्हणाले. रात्री आठनंतर हॉलमध्ये एकच पिवळा दिवा लावतो. मोटर आणि वायरींचा खोका संध्याकाळी सहाला उघडतो, आठला बंद. यावरून रडारड झाली, अजून होते. सासूबाई स्वतःहून टीव्ही नऊला बंद करतात, त्यांनी दादासाहेबांची पोस्ट वाचली.

सकाळचं मारणं थांबलेलं नाही. पण आता मी त्याला डोळे मिटलेले असताना कपडे घालत नाही. दप्तर, गणवेश रात्रीच तयार. उठवल्यावर दहा मिनिटं त्याला कुणी हात लावायचा नाही, बोलायचंही नाही, असा घरात नियम केलाय. लाथा त्यातच बऱ्याच कमी झाल्या.

आता मास्तरांना विचारायचंय. आमच्याच शाळेत पाचवीची एक तुकडी दुपारच्या अधिवेशनात आहे. तुकडी बदलून मागायची तर अर्ज कसा करू? वर्गशिक्षिका म्हणाल्या की "सकाळी उठत नाही" हे कारण चालणार नाही.

---

मास्तर_पहिला_तास | शनिवार, दुपारी १२:४०

उठत नाही असं लिहूच नका. अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे करा, सोबत डॉक्टरांचं पत्र जोडा. त्यात एडीएचडीचं निदान, झोपेच्या वेळेचा त्रास आणि "दुपारचं अधिवेशन वैद्यकीयदृष्ट्या योग्य" हे वाक्य स्पष्ट हवं. तुमच्या वहीची आणि शाळेच्या डायरीतल्या शेऱ्यांची झेरॉक्स लावा, वेळा अधोरेखित करून. शाळेच्याच बाईंच्या अक्षरातले शेरे आहेत, ते कुणाला नाकारता येत नाहीत. दिव्यांग हक्क कायदा २०१६ आहे, गरज पडली तर त्याचा आधार घेता येतो, पण पहिल्या अर्जात नको. आधी जाऊन भेटा. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या, आणि मुलाने बनवलेलं ते मोटरचं यंत्र सोबत घेऊन जा. मुख्याध्यापकांनी त्याला आतापर्यंत फक्त सकाळीच पाहिलं असेल.